कारखान्यातील कॉम्प्रेस्ड एअरचा वीजखर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साकीनाका, मरोळ, वागळे इस्टेट, रबाळे, तळोजा, वसई अशा ठिकाणच्या लहान-मध्यम कारखान्यांतून कॉम्प्रेसरच्या विजेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. हिशोब जुळून यावेत म्हणून बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण धरले आहे: ३७ किलोवॅटचा, म्हणजे ५० अश्वशक्तीचा, लोड-अनलोड पद्धतीने (हवा भरताना लोडवर, हवा न भरता नुसता फिरताना अनलोडवर) चालणारा स्क्रू कॉम्प्रेसर, क्षमता २२० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा), लोडवर ४१ किलोवॅट आणि अनलोडवर १३ किलोवॅट वीज, दोन पाळ्या, वर्षाला ४,८०० तास. विजेचा दर केवळ हिशोबाच्या सोयीसाठी युनिटला १० रुपये धरला आहे. तुमचा दर वेगळा असणार. त्यासाठी प्रश्न ४ पाहावा.

१. कॉम्प्रेसरचा वर्षाचा वीजखर्च ढोबळमानाने कसा काढायचा?

कॉम्प्रेसर चालू असलेल्या वेळापैकी किती वेळ तो लोडवर असतो आणि किती वेळ अनलोडवर, हे आधी पाहावे. बहुतेक स्क्रू कॉम्प्रेसरच्या कंट्रोलरवर एकूण तास आणि लोडचे तास वेगवेगळे दिसतात. आठवड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही आकडे टिपून घेतले की प्रमाण मिळते. आपल्या उदाहरणात लोड ७० टक्के आणि अनलोड ३० टक्के धरू. सरासरी वीज ०.७ × ४१ अधिक ०.३ × १३, म्हणजे ३२.६ किलोवॅट होते. तिला ४,८०० तासांनी गुणले की सुमारे १,५६,५०० युनिट, म्हणजेच वर्षाला १५ लाख ६५ हजार रुपये. कॉम्प्रेसरच्या संपूर्ण आयुष्यातील खर्चात खरेदीपेक्षा विजेचा वाटा कितीतरी मोठा असतो, हे एवढ्या हिशोबावरूनही दिसते. यात ड्रायर (हवा सुकवणारे यंत्र), कूलिंग टॉवरचा पंप आणि कॉम्प्रेसर रूमचा पंखा धरलेला नाही. त्यांचा खर्च वेगळा मिळवावा.

२. नेमप्लेटवर ३७ किलोवॅट लिहिले आहे. तोच आकडा तासांनी गुणला तर काय बिघडते?

दोन्ही बाजूंनी चूक होते. नेमप्लेटवरचा आकडा मोटरच्या शाफ्टवर मिळणाऱ्या शक्तीचा असतो. मीटरमधून जाणारी वीज त्याहून जास्त असते, कारण मोटरची कार्यक्षमता ९२-९३ टक्क्यांच्या आसपास असते आणि कूलिंगचा पंखा वेगळी वीज घेतो. शिवाय अनेक कॉम्प्रेसरमध्ये मोटर तिच्या नेमप्लेटच्या थोडी वरच चालवली जाते. म्हणून लोडवरचा खर्च कमी धरला जातो. उलट, अनलोडचा वेळ विचारात न घेतल्याने एकूण खर्च जास्त धरला जातो. या दोन उलट चुका एकमेकींना कधी झाकतात, कधी त्यांतील एक वरचढ ठरते. त्यामुळे येणारे उत्तर योगायोगाने बरोबर असले तरी पुढच्या कोणत्याही निर्णयासाठी ते उपयोगाचे नसते.

३. आमच्याकडे पॉवर मीटर नाही, फक्त क्लॅम्प मीटर आहे. त्यावर भागेल का?

लोडवरच्या वाचनासाठी भागेल, अनलोडसाठी मात्र जपून. समजा, ४१५ व्होल्टवर लोडचा करंट ६८ अँपिअर आला. ०.८५ पॉवर फॅक्टर (करंटपैकी प्रत्यक्ष काम करणारा वाटा) धरून सुमारे ४१.५ किलोवॅट येतात आणि ते वास्तवाच्या जवळ असते. अनलोडवर करंट ३५ अँपिअर दिसतो. तिथेही ०.८५ धरले तर २१ किलोवॅट येतात, पण हलक्या भारावर मोटरचा पॉवर फॅक्टर ०.५ च्या आसपास घसरतो, आणि प्रत्यक्ष वीज साधारण साडेबारा किलोवॅटच असते. अनलोडचा खर्च असा पावणेदोन पटीने फुगला की नवीन कॉम्प्रेसरमुळे होणारी बचतही कागदावर तेवढीच फुगते. म्हणून एका दिवसासाठी का होईना, किलोवॅट दाखवणारा पॉवर अॅनालायझर भाड्याने आणून लोड आणि अनलोड दोन्ही मोजून घ्यावेत.

४. युनिटचा दर कोणता धरायचा? बिलाची रक्कम भागिले युनिट केले तर चालेल का?

एकूण खर्च सांगण्यासाठी चालेल. बचत सांगण्यासाठी चालणार नाही. बिलात ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क हे युनिटबरोबर कमी-जास्त होतात. स्थिर किंवा मागणी आकार मात्र युनिट वाचवल्याने आपोआप उतरत नाही. तो कमी व्हायचा असेल तर कमाल मागणी खरोखर उतरली पाहिजे. त्यामुळे बचतीच्या हिशोबात फक्त युनिटबरोबर बदलणारे आकार घ्यावेत.

दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि तो वितरण कंपनीगणिक वेगळा असतो. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी इलेक्ट्रिसिटी किंवा टाटा पॉवर, तर मुलुंड-भांडुप, ठाणे आणि नवी मुंबईत महावितरण. त्यामुळे अंधेरीच्या कारखान्याचा दर रबाळ्याच्या कारखान्याला लावू नये. उच्चदाब ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएच (किलोव्होल्ट-अँपिअर-तास) पद्धतीने आकारणी होते, म्हणजे कमी पॉवर फॅक्टरची किंमत थेट बिलात येते. कॅपॅसिटर पॅनल नीट चालत असेल तर अनलोड कॉम्प्रेसरचा वाईट पॉवर फॅक्टर भरून निघतो, नसेल तर निघत नाही. वेळेनुसार दर बदलत असल्यास पाळीनिहाय युनिट वेगळे काढावेत.

५. एक घनमीटर हवा आम्हाला कितीला पडते?

उदाहरणातील कॉम्प्रेसर सरासरी १५४ सीएफएम देतो, म्हणजे तासाला सुमारे २६२ घनमीटर. ३२.६ भागिले २६२ केले की घनमीटरला ०.१२५ युनिट, अर्थात सव्वा रुपया. हा मोकळ्या, न दाबलेल्या हवेचा घनमीटर आहे. विभागांमध्ये खर्च वाटायचा असेल, किंवा एखाद्या नगाच्या किमतीत हवेचा वाटा धरायचा असेल, तर हाच दर वापरावा. बचतीसाठी मात्र हा दर लावू नये. कारण प्रश्न ७ मध्ये दिले आहे.

तुलनेसाठी आणखी एक माप उपयोगी पडते: दर १०० सीएफएममागे किती किलोवॅट. ७ बारला चांगल्या स्क्रू कॉम्प्रेसरचा आकडा पूर्ण लोडवर साधारण १६ ते २० च्या दरम्यान असतो. आपला १८.६ आहे. पण अनलोडची वीज धरली की तोच २१.२ होतो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नेहमी पहिला आकडा छापलेला असतो.

६. गळती कशी मोजायची? कारखाना बंद ठेवावा लागतो का?

फार वेळ नाही. जेवणाची सुट्टी किंवा पाळी बदलण्याआधीचा अर्धा-पाऊण तास पुरतो. हवा वापरणारी सर्व यंत्रे थांबवावीत, मात्र त्यांच्याकडे जाणारे व्हॉल्व्ह उघडेच ठेवावेत, कारण गळतीचा मोठा भाग यंत्राच्या आतल्या नळ्या, सिलिंडरची सीले आणि एफआरएलच्या (फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटरच्या) वाट्या यांतच असतो. एकच कॉम्प्रेसर चालू ठेवून घड्याळ लावावे आणि किमान पाच आवर्तने टिपावीत: लोड किती सेकंद, अनलोड किती सेकंद. हवेची कोणालाच गरज नसताना कॉम्प्रेसर लोडवर येतो, तो केवळ गळती भरून काढण्यासाठी.

समजा, लोड ६० सेकंद आणि अनलोड २४० सेकंद आले. गळती म्हणजे २२० × ६० ÷ ३००, म्हणजे ४४ सीएफएम. ही क्षमतेच्या २० टक्के झाली. पण सरासरी वापर १५४ सीएफएमच असल्याने, तयार होणाऱ्या हवेपैकी जवळजवळ २९ टक्के हवा वाया जाते आहे. अहवालात टक्केवारी कशाची आहे हे लिहिलेले नसेल तर विचारावे. ती १० टक्क्यांच्या आत आणणे जमण्यासारखे असते, पण एकदा करून सोडून दिले तर काही महिन्यांत ती पुन्हा पहिल्यासारखी होते.

कॉम्प्रेसर व्हीएफडीचा, म्हणजे गरजेनुसार मोटरचा वेग बदलणारा, असेल तर ही घड्याळाची पद्धत लागू होत नाही. तेव्हा कॉम्प्रेसर बंद करून दाब किती वेळात उतरतो ते पाहावे. रिसीव्हर (हवा साठवणारी टाकी) आणि पाइप मिळून २ घनमीटर जागा असेल आणि दाब ७ वरून ५ बारवर यायला ३ मिनिटे लागली, तर गळती मिनिटाला १.३ घनमीटर, म्हणजे ४६ सीएफएमच्या आसपास. दाब उतरत जातो तशी गळतीही मंदावते, म्हणून हे उत्तर प्रत्यक्षापेक्षा थोडे कमी येते. पाइपमधील जागा धरायला विसरू नये.

७. गळत्या बंद केल्या, पण सल्लागाराने सांगितली होती तेवढी बचत बिलात दिसली नाही. असे का?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा कॉम्प्रेसरच्या कंट्रोलमध्ये असते.

७ बारवर ३ मिलिमीटरच्या एका छिद्रातून, छिद्राच्या कडा कशा आहेत त्यानुसार, साधारण १५ ते २४ सीएफएम हवा जाते. २० धरू. सल्लागार १०० सीएफएमला १८.६ किलोवॅट या हिशोबाने ३.७ किलोवॅट काढतो. वर्षाला १७,८५० युनिट, पावणेदोन लाखांच्या वर. पण तुमचा कॉम्प्रेसर लोड-अनलोडवर चालतो. २० सीएफएमची गरज कमी झाली म्हणजे तो तेवढा वेळ बंद होत नाही. लोडवरून अनलोडवर जातो, आणि तिथेही १३ किलोवॅट घेतच राहतो. वाचतो तो फक्त ४१ आणि १३ यांच्यातील फरक. २० ÷ २२० × २८, म्हणजे २.५५ किलोवॅट, वर्षाला सुमारे १२,२०० युनिट, सव्वा लाखाच्या आत. घनमीटरच्या भाषेत सांगायचे तर हवेचा सरासरी दर सव्वा रुपया, पण वाचवलेल्या हवेचा दर पाऊण रुपयाच. हा फरक खरा आहे आणि तो गुंतवणुकीच्या परताव्यात धरलाच पाहिजे.

इनलेट व्हॉल्व्ह थोडा थोडा मिटवून चालणाऱ्या, म्हणजे मॉड्युलेशनच्या, कॉम्प्रेसरवर स्थिती आणखी वाईट असते. तिथे हवा शून्यावर आली तरी वीज ७० टक्क्यांच्या आसपास राहते, त्यामुळे त्याच छिद्राची बचत जेमतेम १.१ किलोवॅट भरते. व्हीएफडीवर ती जवळजवळ पूर्ण मिळते. पिस्टनच्या चालू-बंद कॉम्प्रेसरवर पूर्ण मिळते.

याशिवाय दोन गोष्टी तपासाव्यात. रिसीव्हर लहान असेल तर कॉम्प्रेसर सारखा लोड-अनलोड करत राहतो. तेलाच्या टाकीतील दाब पूर्ण उतरायला अर्धा ते एक मिनिट लागते, आणि तेवढ्यात पुन्हा लोड आला तर अनलोडची खरी वीज १३ वर कधी येतच नाही. दुसरे म्हणजे, दोन कॉम्प्रेसर एकत्र चालत असतील तर गळती कमी झाल्यावर दुसरा बंद करणे कोणीतरी ठरवावे लागते. तो अनलोडवर गुरगुरत बसला तर दुरुस्ती होऊनही मीटर फारसा हलत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की गळतीच्या कामाचा अहवाल «किती सीएफएम वाचले» येथे संपू नये. दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे किलोवॅट त्यात असलेच पाहिजेत.

८. दाब १ बारने कमी केला तर किती वाचते?

७ बारच्या आसपास १ बार उतरवल्यास लोडवरची वीज साधारण ६ ते ७ टक्के कमी होते. आपल्या उदाहरणात २.७ किलोवॅट, पण लोडचा वेळ ७० टक्के असल्याने सरासरी १.९, वर्षाला ९,००० युनिट, ९० हजार रुपये. त्यावर आणखी थोडा लाभ मिळतो, कारण रेग्युलेटर नसलेले वापर आणि गळत्या यांतून जाणारी हवा निरपेक्ष दाबाच्या प्रमाणात घटते: साडेसातवरून साडेसहा बारवर आल्यास सुमारे १२ टक्क्यांनी.

दाब उतरवला की कारखान्याच्या शेवटच्या टोकाचा ऑपरेटर तक्रार करतो, आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी सेटिंग पुन्हा वर नेतो. त्याची तक्रार बहुधा खरी असते. म्हणून आधी कॉम्प्रेसरपाशी, ड्रायर-फिल्टरच्या पुढे आणि शेवटच्या यंत्रापाशी दाब एकाच वेळी वाचावा. या वाटेत १० टक्क्यांहून जास्त दाब मरत असेल, तर दोष चोंदलेल्या फिल्टरचा, अरुंद पाइपचा किंवा वेटोळे घातलेल्या लांब नळीचा आहे. एका यंत्रालाच जास्त दाब लागत असेल तर त्याच्यापुरता छोटा बूस्टर लावण्याचा विचार करावा; एका यंत्रासाठी सगळ्या कारखान्याची हवा जास्त दाबाने करणे परवडत नाही.

९. पावसाळ्यात मुंबईत पाइपमधून पाणी येते. याचा वीजखर्चाशी काय संबंध?

जवळचा संबंध आहे. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २६ ग्रॅम बाष्प असते. १०० सीएफएमचा कॉम्प्रेसर अशी १७० घनमीटर हवा तासाला ओढतो, म्हणजे ४.४ लिटर पाणी. ती हवा ७ बारला दाबून ४० अंशांपर्यंत थंड केली की त्यातील सव्वातीन लिटरच्या वर पाणी तिथेच सुटते. आठ तासांच्या पाळीत २५ लिटरची कॅन भरते. रिसीव्हरचा ड्रेन हाताने उघडण्याची पद्धत असेल तर पावसाळ्यात हे पाणी वेळेवर निघत नाही, आणि मग कोणीतरी ड्रेन व्हॉल्व्ह थोडासा उघडाच ठेवून देतो. पाण्याबरोबर हवाही दिवसरात्र जाते. तळाच्या व्हॉल्व्हखाली डबके आणि त्यात सतत उठणारे बुडबुडे दिसले, तर ती प्रश्न ६ मधील गळतीच आहे. पाणी साचल्यावरच उघडणारा, हवा न सोडणारा ऑटो ड्रेन हा त्यावरचा योग्य उपाय.

ड्रायरचा खर्चही येथेच धरावा. रेफ्रिजरेशन ड्रायर कॉम्प्रेसरच्या विजेच्या काही टक्केच घेतो. हीटलेस डेसिकंट ड्रायर मात्र स्वतःचे दाणे सुकवण्यासाठी त्याच्या क्षमतेच्या १५ टक्क्यांच्या आसपास हवा बाहेर सोडतो, आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते) पाहणारा कंट्रोल नसेल तर कारखान्याचा वापर निम्म्यावर आला तरी तेवढीच सोडत राहतो. उणे ४० अंश दवबिंदूची हवा खरोखर कोणत्या यंत्राला लागते, हे विचारल्याशिवाय सगळ्या कारखान्याला असा ड्रायर लावू नये.

१०. व्हीएफडी कॉम्प्रेसर घेतला तर ३५ टक्के बचत होते, हे खरे का?

काही कारखान्यांत होते. आपल्या उदाहरणात होणार नाही. व्हीएफडीमध्येच काही टक्के वीज जाते. १५४ सीएफएमच्या सरासरीला तो सुमारे ३० किलोवॅट घेईल, सध्याचा ३२.६ घेतो, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास. पूर्ण भाराजवळ सतत चालणाऱ्या कॉम्प्रेसरवर उलट तोटाच होतो. सरासरी वापर ४० टक्के असेल तर मात्र २४ विरुद्ध १८ किलोवॅट असा मोठा फरक पडतो. क्रम महत्त्वाचा: आधी गळती आणि दाब, मग पुन्हा मोजणी, आणि मग खरेदी. गळतीसकट मोजून घेतलेला कॉम्प्रेसर गळती गेल्यावर मोठा ठरतो.

११. आमचा छोटा गाळा आहे, ५ अश्वशक्तीचा पिस्टन कॉम्प्रेसर आहे. एवढा हिशोब करायची गरज आहे का?

थोडक्यात करता येतो. प्रेशर स्विचने चालू-बंद होणाऱ्या कॉम्प्रेसरला अनलोडचा खर्च नसतो. एक साधा तास-मीटर मोटरला जोडावा आणि तासांना सुमारे ४.३ किलोवॅटने गुणावे. वर्षाला १,२०० तास भरले तर ५,१६० युनिट. सकाळी सगळे यायच्या आधी, किंवा दुपारी काम थांबले असताना तो स्वतःहून सुरू होतो का, एवढे ऐकले तरी गळतीचा अंदाज येतो. ढिला पट्टा आणि घाणेरडा सक्शन फिल्टर या दोन गोष्टी दर महिन्याला पाहाव्यात.

१२. एका कंपनीने क्षमता सीएफएममध्ये दिली, दुसरीने नॉर्मल घनमीटरमध्ये. तुलना कशी करायची?

फक्त एककाचे रूपांतर करून भागत नाही. नॉर्मल घनमीटर म्हणजे शून्य अंश तापमानाची कोरडी हवा; सीएफएममधील एफएडी (फ्री एअर डिलिव्हरी) म्हणजे कॉम्प्रेसर ज्या स्थितीत हवा ओढतो त्या स्थितीतील हवा. मुंबईत ३५ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला एफएडीचा एक घनमीटर म्हणजे केवळ ०.८५ नॉर्मल घनमीटर. हा १५ टक्क्यांचा फरक दोन कॉम्प्रेसरमधील खऱ्या फरकापेक्षा सहज मोठा असतो. दोघांकडूनही आयएसओ १२१७ नुसार, एकाच दाबाला, संपूर्ण पॅकेजची वीज धरून आकडे मागावेत. नुसत्या मोटरची किंवा शाफ्टची वीज चालणार नाही. कारण प्रश्न २ मध्ये आले आहे.

१३. मुंबईच्या कारखान्याचे आकडे पुण्याच्या शाखेला लागू होतील का?

जसेच्या तसे नाहीत. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि तिथे हवेचा दाब सुमारे ६ टक्क्यांनी कमी असतो. तोच कॉम्प्रेसर तेवढेच घनमीटर ओढतो, पण त्यात हवा कमी असते. दोन शाखांची तुलना वजनावर किंवा नॉर्मल घनमीटरवर करावी.

१४. यंत्रे साफ करायला हवा मारतात. त्याचा खर्च खरोखर लक्षात घेण्याइतका असतो का?

नोझल नसलेल्या, ६ मिलिमीटर तोंडाच्या उघड्या नळीतून ३ मिलिमीटरच्या छिद्राच्या चौपट हवा जाते, म्हणजे ६० ते ९६ सीएफएम. नळी हातात असेपर्यंत उदाहरणातील कॉम्प्रेसरचा तिसरा हिस्सा तिच्यासाठीच चालतो. चांगल्या नोझलची ब्लो गन हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. जिथे सतत हवा मारावी लागते तिथे छोटा ब्लोअर लावावा. अंगावरची धूळ झटकायला ही हवा कोणी वापरत असेल तर ते ताबडतोब थांबवावे. डोळ्याला आणि कातडीला गंभीर इजा होऊ शकते, आणि इथे विजेचा हिशोब दुय्यम आहे.

१५. रविवारी कारखाना बंद असतो, पण एका लाइनला हवा लागते म्हणून कॉम्प्रेसर चालू ठेवतो. हा खर्च कसा धरायचा?

प्रश्न ६ मधील चाचणीतच त्याचे उत्तर आहे. त्या एका लाइनचा वापर नगण्य असेल तर रविवारी कॉम्प्रेसर २० टक्के लोड आणि ८० टक्के अनलोड असाच चालतो. ०.२ × ४१ अधिक ०.८ × १३, म्हणजे १८.६ किलोवॅट; चोवीस तासांत ४४६ युनिट, जवळपास साडेचार हजार रुपये. वर्षातील ५२ रविवार धरले तर २ लाख ३२ हजार. यातील अर्ध्याहून जास्त वीज नुसत्या अनलोडची आहे, त्यामुळे गळत्या बुजवून हा खर्च फारसा उतरत नाही; कॉम्प्रेसर बंद केला तरच उतरतो. त्या लाइनला वेगळा व्हॉल्व्ह घालून बाकीचा कारखाना तोडावा आणि तिच्यापुरता ३ किंवा ५ अश्वशक्तीचा छोटा कॉम्प्रेसर लावावा. सणांच्या जोडून आलेल्या सुट्ट्या, दुरुस्तीसाठी घेतलेला बंद आणि दररोज रात्रीचे उरलेले आठ तास यांनाही हाच हिशोब लागू होतो. शनिवारी शेवटची पाळी सुटताना मोठा कॉम्प्रेसर कोणी बंद करायचा, ते नावानिशी पाळीच्या वहीत लिहून ठेवावे.